ठेक्यानं दिलेलं तळं

कापणी सुरू झाली की खिडकी उघडी ठेवून काम करणं अवघड होतं. नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास आत येतो तो मला हवा असतो, पण त्याच्यासोबत बारीक कुसळं येतात आणि टेबलावरच्या ओल्या रंगात जाऊन बसतात. चिमट्यानं काढायला गेलं तर कुसळासोबत रंगही निघतो. गेल्या आठवड्यात राखीच्या डब्यावरच्या मोरपिसात असं एक कुसळ रुतलं. मी ते तसंच राहू दिलं. छपाईत दिसणार नाही आणि दिसलंच तर कुणाला कळणार आहे की हे गोंदिया जिल्ह्यातल्या धानाचं कुसळ आहे.

बाहेर कार्तिक आणि टेबलावर राखी, हे ऐकून नवीन माणूस चक्रावतो. आमच्या धंद्यात ऋतू नेहमी पुढे पळतात. माल बाजारात यायच्या कितीतरी महिने आधी चित्र तयार लागतं. त्यामुळे मे महिन्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना, मी आकाशकंदील काढत असते आणि थंडीत बोटं आखडलेली असताना पावसातल्या छत्र्या. अशी काही वर्षं गेली की माणसाला आपण नक्की कोणत्या महिन्यात राहतो ते कळेनासं होतं. मला जमिनीवर आणायचं काम एकटी ही कापणी करते. रस्त्यावरून भाऱ्यांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जायला लागले, बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांमध्ये, रचलेल्या भाऱ्यांचे पुंजणे उभे राहिले, की मी ब्रश खाली ठेवून दारात जाऊन उभी राहते. आणि दरवर्षी मला ती एक कापणी आठवते, बाबांनी शेत ठेक्यानं दिलं त्या वर्षीची.

मी काय करते हे गावात समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. मी चित्रं काढते. ती ट्रेवर, कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, भिंतीवरच्या घड्याळांवर, भेटवस्तूंच्या डब्यांवर छापली जातात. पण मी ट्रे बनवत नाही, विकत नाही, आणि खरं म्हणजे चित्रही विकत नाही. ते वापरायची परवानगी तेवढी कंपनीला देते, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक वस्तूंपुरती. याला लायसन्सिंग म्हणतात. पुण्यात काही वर्षं हे काम शिकून मी गावी परत आले, कारण त्याला लागतं ते टेबल आणि इंटरनेट, आणि दोन्ही आता इथेही मिळतं. शेजारच्या काकूंची मात्र अजून समजूत आहे की माझं कुठेतरी भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराई आली की त्या ट्रे स्वस्तात मिळतील का म्हणून विचारून जातात.

बाबांना मात्र समजवावं लागलं नाही. परत आल्यावर एकदा अंगणात बसून मी त्यांना करारातली कलमं सांगत होते आणि ते सुपारी कातरत ऐकत होते.

"मंग चित्र कोनापाशी राह्यते?" त्यांनी विचारलं.

"माझ्यापाशीच."

"आन छापतेत ते."

"हो. मुदत संपली की हक्क माझ्याकडे परत."

"मंग त हा ठेका झाला," बाबा म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली. वकिलानं मला जे पानंच्या पानं भरून सांगितलं होतं ते त्यांनी एका शब्दात बसवलं. जमीन आपली, पीक घेणाऱ्याचं.

त्यांना ते इतकं पटकन कळलं, कारण त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात ठेक्याखेरीज दुसरं काही नव्हतंच. त्यांचे गुडघे गेले होते. रोवणीच्या चिखलात रुतलेला पाय बाहेर काढायला दुसरा माणूस लागायला लागला तेव्हा त्यांनी आमचं शेत धनराजभाऊला दिलं. धनराजभाऊ गावातलाच, चाळिशीचा, स्वतःची जमीन जेमतेम, कामाला वाघ. चोरखमारा तलावाच्या नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी आमच्या बांध्यांना बिनतक्रार मिळतं, त्यामुळे त्या शेतावर डोळा ठेवून असलेले कमी नव्हते. गोंदियाचा एक माणूस तर विकतच मागत होता. त्याला तिथे फार्महाऊस बांधायचं होतं. बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. धनराजभाऊशी बोलणी मात्र एका बैठकीत झाली. बाबांनी एकच इच्छा सांगितली, शक्यतो भारी धान लाव. भारी धान म्हणजे उशिरा येणारा, जास्त दिवस शेतात राहणारा. धनराजभाऊनं मान हलवली. ती मान कोणत्या दिशेनं हलली यावर नंतर दोघांचंही एकमत झालं नाही.

शेत दिल्यावर बाबांनी त्या बाजूला जायचं सोडलं. कुणी काही विचारलं की गुडघ्यांचं नाव पुढे करायचे, पण त्याच गुडघ्यांनी ते चहाच्या टपरीपर्यंत रोज व्यवस्थित जात होते. मला त्यांचा राग यायचा. दिलं तर दिलं, किंवा द्यायचंच नव्हतं, असं मला वाटायचं. दुसऱ्याच्या बाबतीत माझं डोकं फार स्वच्छ चालतं.

त्याच पावसाळ्यात माझं तळं गेलं. म्हणजे गावातल्या तलावाचं मी काढलेलं चित्र एका कंपनीनं घेतलं. पुण्यात असताना मी तळी पुष्कळ काढली होती, पण ती सगळी कुठलीही होती. हे आमचं होतं. ज्यांनी कधीकाळी हातांनी माती वाहून तलावाची ती लांबच लांब पाळ उभी केली, त्यांच्या वंशातली घरं अजून गावात आहेत. पाळीवर शिंदीची झाडं आहेत, कुणी न लावलेली, वाकडी, खालच्या झावळ्या वाळून लोंबणारी. सकाळच्या उन्हात त्यांच्या सावल्या पाण्यावर पडतात तेव्हा पाणी मधेच हिरवट काळं दिसतं. तो हिरवट काळा मला साधेना, आणि साधला त्या दिवशी मी आईला ओढून आणून दाखवला. आई म्हणाली, पाण्यात शेवाळ झालंय तसंच दिसतंय. याहून मोठी दाद मला आजवर मिळालेली नाही.

कंपनीला ते चित्र दिवाणखान्यातल्या ट्रेसाठी हवं होतं, भेट द्यायच्या संचात. सगळं सुरळीत झालं आणि कापणीच्या तोंडावर छापलेला नमुना कुरियरनं घरी आला. मी खोकं फोडलं. ट्रे सुंदर होता, कडा गुळगुळीत, रंग जवळजवळ बरोबर. फक्त आमच्या पाळीवर शिंदीच्या जागी नारळाची झाडं होती, उंच, सरळ, एका रांगेत, आणि त्यांना नारळही लागले होते.

मी फोन केला. तिकडे रिद्धिमा नावाची मुलगी माझं काम बघायची, दिल्लीची, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान आणि बोलायला गोड. तिनं हिंदीत समजावलं की पाणी आणि झाड म्हटलं की ग्राहकाला नारळ अपेक्षित असतो. ही जी दुसरी झाडं आहेत ती लोकांना अर्धवट मेलेली वाटतात, आणि लग्नाच्या भेटीत मेलेलं झाड कसं चालेल? ती उद्धटपणे बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी विचार करून सांगते म्हणाले आणि फोन ठेवून खोलीत येरझाऱ्या घातल्या. नंतर ट्रे उलटा करून फळीवर टाकून दिला.

करारात एक कलम असतं, छपाई सुरू होण्याआधी नमुन्याला कलाकाराची मान्यता हवी. माझ्या होकाराशिवाय तिकडे यंत्र हलत नाही. एवढी एकच गोष्ट शेवटी आपल्या हातात उरलेली असते. नाही म्हटलं तर काम जाईल आणि हो म्हटलं तर तळं जाईल, म्हणून मी काहीच म्हटलं नाही. रिद्धिमाचे निरोप येत राहिले आणि मी ते वाचून तसेच ठेवत राहिले.

धनराजभाऊनं हलका धान लावला होता. त्यामुळे आजूबाजूच्या बांध्या हिरव्या असतानाच आमचं शेत पिवळं झालं. हे बाबांना टपरीवर कळलं. ते घरी आले आणि जेवताना भाजीत मीठ नाही म्हणाले, आणि भाजीत मीठ होतं. हलका धान लावला की शेत लवकर मोकळं होतं आणि पुढचं पीक घेता येतं, हा हिशेब बाबांना कळत नव्हता असं नाही. पण आपल्या शेताचा रंग आपल्याला विचारल्याशिवाय बदलला, हे त्यांना लागलं होतं. मला ते समजत होतं. माझ्या फळीवर नारळाची झाडं होती.

आमच्याकडे धान कापताना शेवटची मूठ घरधन्यानं कापायची असते. सगळं शेत मजूर कापतील, पण शेवटचा चटईएवढा तुकडा उभा ठेवायचा आणि तो घरच्या माणसानं विळा घेऊन खाली बसून कापायचा. त्या लोंब्यांची झालर गुंफून दाराला टांगतात आणि मग चिमण्या ती दिवसभर टिपत बसतात. आई झालर फार सुबक गुंफते. आजकाल शहरात असल्या झालरी सजावट म्हणून विकतात. एका कंपनीनं मला तसली रचना मागितली होती, फक्त चिमण्या नकोत म्हणाले, दाणे कमी दिसतात.

त्या वर्षी धनराजभाऊकडचं आमचं शेत कापून झालं, कापून पसरलेले कडपे वाळले, भारे बांधून खळ्यावर गेले. एका बांधीच्या कोपऱ्यात धानाचा एक तुकडा मात्र तसाच उभा राहिला. येणारे-जाणारे बाबांना सांगू लागले की तुमच्या शेतात धान राहिला, दाणे गळून राहिले. बाबांनी ऐकून घेतलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याचा वावर आहे आता. त्याले कापाचा असन त कापन." शेत दिलं तसा मुठीचा मानही गेला असं ते धरून चालले होते, म्हणून त्यांच्या मते तो धनराजभाऊचा आळस होता. काम वेळेत सरलं, मजूर गेले, राहिलेलं कोण कापतं. ठेकेदाराच्या हाती शेत दिलं की असंच व्हायचं, असा एक कडवट सूर त्यांच्या बोलण्यात होता.

"मग जाऊन बघून या ना," मी म्हटलं.

"बिनबोलावता गेलो त मनन, बुढा निगरानी कराले आला."

मला छायाचित्रं हवी होती, कापलेल्या शेताच्या पिवळ्या रंगाची. मी कॅमेरा घेऊन गेले. धनराजभाऊ तिथेच होता, त्या तुकड्यात शिरलेल्या शेळ्या हाकलत होता. दाणे जमिनीवर सांडायला लागले होते. मी सरळच विचारलं की हे काऊन ठेवलं उभं.

"मालकाची मूठ आहे जी," तो म्हणाला. इतक्या सहज, की आपल्याला हे विचारावं लागलं याची मलाच लाज वाटली. तो दिवसातून किती वेळा तिकडे फेरी मारत होता देव जाणे. मी म्हटलं, मग बाबांना निरोप द्यायचा होता ना. ते घरी बसून तुम्हाला नावं ठेवून राहिले.

"काकाजीले मी कसा सांगू, या कापाले मनून? बोलावला त मजूर बोलावल्यासारखा होते. मालक आपल्या मनानं येते."

"अन नाहीच आले तर?"

त्यानं शेळीच्या मागे एक ढेकूळ फेकलं. "त मी समजीन का त्यायचा मन नाई. मंग पुढच्या साली शेत नाई ठेवत मी. ज्याचा मन नाई त्याच्या वावरात नांगर कायले घालू?"

तो रागानं बोलत नव्हता, त्यानं हे आधीच ठरवून टाकलं होतं. मी घरी परतताना मला सगळं पुढचं दिसत होतं. धनराजभाऊ शेत सोडणार, बाबांना दुसरा कुणी पसंत पडणार नाही, एक वर्ष पडीक जाईल, आणि मग गोंदियाचा तो माणूस पुन्हा चहा प्यायला येईल. एका बाजूला बोलावलं नाही म्हणून न जाणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूला बोलावणं अपमान होईल म्हणून न बोलावणारा माणूस, आणि मधे गळणारे दाणे. दोघेही एकमेकांचा मान राखत होते आणि त्यापायी शेत जायची वेळ आली होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

धनराजभाऊनं काय म्हटलं ते बाबांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर ते बोलावणंच झालं असतं, तेही माझ्या तोंडून, आणि मग बाबा मुळीच हलले नसते. मी विचार करत बसले आणि शेवटी माझा धंदा कामाला आला. सकाळी मी बाबांना म्हटलं, मला विळा धरून बसलेला माणूस काढायचा आहे, पुढच्या संचासाठी. फोटो हवेत. कापलेल्या शेतात असा एकटाच उभा राहिलेला धान फक्त आपल्याकडे आहे. येता का?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते उठले, आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. मग विळा काढून दगडावर घासायला बसले. फोटोसाठी विळ्याला धार कशाला, हे मी विचारलं नाही. आईनं विचारायला तोंड उघडलं होतं, तिला मी डोळ्यांनी गप्प केलं. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून ते निघाले.

शेतात उतरल्यावर त्यांची नजर आधी त्या तुकड्याकडे गेलीच नाही. ती गेली मधल्या धुऱ्याकडे, म्हणजे जिथे धुरा असायचा तिकडे. दोन बांध्यांमधला तो मातीचा बांध धनराजभाऊनं काढून टाकला होता आणि दोन्ही बांध्या एक केल्या होत्या. ट्रॅक्टर वळायला जागा होत नव्हती. तो लांबून आम्हाला पाहून आला, मुंडासं सोडत. मी कॅमेऱ्याशी उगाच चाळा करत उभी राहिले.

"धुरा कोनाले विचारून काढला?" बाबांनी विचारलं.

धनराजभाऊ म्हणाला, विचारायला यायचं होतं, पण ट्रॅक्टर दारात उभा होता. मग म्हणाला, चुकलं.

"पीक तुझा. धुरा माझा," बाबा म्हणाले. "हलका लाव का भारी लाव. धुरा परत बांध."

उन्हाळ्यात बांधून देतो, असं तो म्हणाला आणि ते तिथे संपलं. एवढ्या महिन्यांचं घुसमटणं चार वाक्यांत मोकळं झालेलं पाहून मी चकित झाले. इथली माणसं बोलायला लागली की आडवळण घेत नाहीत, बोलायला लागेपर्यंतच काय तो घोळ असतो.

ट्रेचं काय झालं तेही सांगून टाकते. त्याच दिवशी दुपारी मी रिद्धिमाला कळवलं की रंग, आकार, काठावरची नक्षी तुमच्या मर्जीनं करा, पण नारळाला माझी मान्यता नाही. पाळीवर काय उगवतं ते तुम्ही ठरवायचं नाही. तिनं वर विचारलं, वरच्यांनी आणखी वर, आणि शेवटी उत्तर आलं की नारळ काढले आहेत. सोबत नवा नमुना होता. त्यात नारळ नव्हते, आणि शिंदीही नव्हती. पाळ मोकळी होती. नारळ नको म्हणायचा हक्क माझा होता, शिंदी हवीच म्हणायचा नव्हता. मी मान्यता दिली. तसाच तो ट्रे विकला गेला, आणि गेल्या वर्षी गोंदियाच्या बाजारात एका दुकानात मला तो दिसलाही. दुकानदारानं काचेतून काढून हातात दिला आणि म्हणाला, "मॅडम, ये कश्मीर का सीन है, डल झील." मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, देखिए ना, कितना शांत है. मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. पण कुणाच्या तरी घरी आमच्या तलावावरून चहाचे कप फिरत असतील, त्या घरातल्या माणसांना तो काश्मीरचा वाटत असेल, तर वाटो. दिलेल्या गोष्टीचं लोक काय करतात त्यातलं बरंचसं आपण पाहू नये.

तर त्या सकाळी बाबा धुऱ्याचं बोलून झाल्यावर त्या तुकड्याकडे गेले. बसायला त्यांना फार वेळ लागला. एक हात जमिनीवर टेकून, एक गुडघा आधी, मग दुसरा. धनराजभाऊ पुढे झाला नाही, दोन पावलांवर थांबून राहिला. बाबांनी डाव्या हातात लोंब्या गोळा केल्या आणि विळा ओढला. दाणे गळतच होते. मी फोटो काढले, काढायलाच हवे होते, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे बहुतेक हलले. शेवटची मूठ कापून बाबा तिच्याकडे बघत तसेच बसून राहिले. मला वाटलं आता धानाला नावं ठेवतील, हलका धान, बारका दाणा, असं काही. त्यांनी एक दाणा सोलून दाताखाली घेतला.

"बरा भरला," ते म्हणाले.

मग त्यांना उठता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हात धनराजभाऊकडे केला. त्यानं काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि उभे राहिल्यावरही बाबांनी त्याचा दंड सोडला नाही.

"पुढच्या साली," बाबा म्हणाले, आणि श्वास घ्यायला थांबले. धनराजभाऊची मान खाली होती, ती वर आली. "पुढच्या साली कापणी कवा लावतस ते मले नको सांगू. मी येईन."